गायक-वादकांनी आपल्या धंद्याच्या आठवणी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भजनी बुवा, दशावतारातले पेटीवाले, जाखडीचे शाहीर, नमन मंडळातले ढोलकीवाले, बेंजो पार्टी चालवणारे, कोळीगीतांच्या कॅसेटवर गायलेले. कोकणात रायगडपासून सावंतवाडीपर्यंतच्या अशा लोककलाकारांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. मी काही नावाजलेला बुवा नाही. डबलबारीत (दोन बुवांच्या भजनसामन्यात) आयुष्यभर पखवाज वाजवला. माझ्या आठवणी कोण वाचणार?

नावाजलेल्यांच्या आठवणींत गुरू, मैफली आणि सत्कार भरपूर सापडतात. पखवाजवाल्याला रात्रीचे किती मिळत, सामना पहाटे संपल्यावर तो घरी कसा पोचत असे, पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याचं घर कशावर चालत असे, हे क्वचितच कुणी लिहिलं आहे. कोकणातल्या लोककलेवर प्रबंध झाले, पण त्यांत कलेचं वर्णन आहे आणि व्यवहार गाळला गेला आहे. तो व्यवहार फक्त तुम्हाला माहीत आहे. साथीदाराला तर तो बुवापेक्षाही नीट दिसतो, कारण वाटणी शेवटी त्याच्या हातात पडते.

२. ‘धंद्याचं वास्तव’ लिहा म्हणतात. म्हणजे नेमकं काय लिहायचं?

एका रात्रीचा पूर्ण हिशेब मांडून सुरुवात करा. समजा सुपारी (कार्यक्रमाचं ठरवलेलं मानधन) २०,००० रुपयांची ठरली. गाडी ४,५००, पखवाज २,०००, तबला १,५००, चकी वाजवणारा ८००, कोरसचे सहा जण प्रत्येकी ५०० प्रमाणे ३,०००, सुपारी आणून देणाऱ्याचे २,०००, वाटेतलं चहापाणी ७००. एकूण खर्च १४,५००. बुवाच्या हातात उरले ५,५००, आणि त्यातूनच पेटीची दुरुस्ती, पखवाजाची पुडी (चामडं), बॅनरची छपाई. असा एक हिशेब दहा पानांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

मग त्या हिशेबातल्या एकेका ओळीमागची गोष्ट लिहा. सुपारी कोण ठरवायचं, फोनवर की घरी येऊन? आगाऊ रक्कम किती, आणि पाऊस आला किंवा गावात मयत झालं तर ती परत द्यावी लागे का? सुपारी आणणाऱ्याचा वाटा उघड असे की आतल्या आत? प्रेक्षकांतून आलेल्या बक्षिसाच्या नोटा बुवाच्या की सगळ्यांच्या? दशावतारात ‘नाईट’ (एका रात्रीचं मानधन) कोणत्या भूमिकेला किती, पेटीवाल्याची नाईट राजपार्टीच्या (राजाची भूमिका करणाऱ्याच्या) वर की खाली, आणि मालकाकडून घेतलेली उचल हंगामाच्या शेवटी कशी वळती होत असे? जाखडीत मुंबईच्या मंडळाला गावात आणताना राहण्या-जेवणाचं कोण बघायचं?

बहुतेक हस्तलिखितं नेमकी इथेच कमी पडतात. ‘मानधन अत्यल्प होतं’ असं एक वाक्य लिहून लेखक पुढच्या सत्काराकडे वळतो. अत्यल्प म्हणजे किती, ते लिहा.

३. चाळीस वर्षांपूर्वीचे आकडे आज हास्यास्पद वाटतील. ते द्यावेत का?

द्यावेतच, पण एकटे देऊ नका. त्याच वर्षी तुमच्या गावात गवंड्याची दिवसाची मजुरी काय होती, तांदूळ काय भावाने मिळत असे, कुडाळ ते मुंबई एसटीचं तिकीट किती होतं, यातलं जे खात्रीने आठवतं ते शेजारी ठेवा. ‘नाईटचे ४० रुपये’ यातून वाचकाला काही कळत नाही. तेच पैसे दोन दिवसांच्या मजुरीइतके होते की अर्ध्या दिवसाच्या, हे कळलं की चित्र उभं राहतं. आकडा अंदाजाने देत असाल तर ‘सुमारे’ लिहा. खोटा नेमकेपणा वहीत पकडला जातो, कारण बहुतेक मंडळांत कुणी ना कुणी हिशेब लिहून ठेवलेला असतो.

४. माका लिवक येना नाय, बोलाक मात्र येता. मगे पुस्तक कसा होतला?

बोलूनच होईल. मोबाईल समोर हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा, खिडकी रस्त्याकडे असेल तर लावून घ्या. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त बोलू नका, त्यानंतर तेच तेच येऊ लागतं. प्रत्येक बैठकीला एकच विषय धरा: एक जत्रा, एक मालक, एक कॅसेट, एक भांडण. तासाभराच्या बोलण्याचे साधारण सहा ते सात हजार शब्द होतात. त्यातली पुनरुक्ती काढली की निम्मे उरतात. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे पानांच्या पुस्तकाला पंधरा तासांचं ध्वनिमुद्रण सहसा पुरतं.

उतरवून घेणाऱ्याला एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार-पाच तास लागतात. मोबाईलचं बोलून टंकलेखन प्रमाण मराठीला बऱ्यापैकी चालतं. मालवणी, आगरी आणि संगमेश्वरी बोलीत मात्र ते माणसांची, वाड्यांची आणि तालांची नावं हमखास बिघडवतं. नावांची यादी आधीच कागदावर करून द्या. शब्दांकन करणाऱ्याशी लेखी काय ठरवावं, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

५. मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत?

निवेदन ज्या भाषेत सहज येतं त्या भाषेत ठेवा आणि माणसांचं बोलणं त्यांच्या बोलीत. मालक उचल देताना जे बोलला ते प्रमाण मराठीत आणलं की त्यातला मान आणि अपमान दोन्ही निघून जातात. पूर्ण मालवणीत लिहिलंत तर मुंबईतल्या कोकणी माणसालाही वाचायला वेळ लागतो, पण ते चुकीचं नाही. एकच पाळा: एका शब्दाचं लेखन सगळीकडे सारखं ठेवा. शंभराव्या पानावर ‘व्हतां’ आणि एकशे एकाव्या पानावर ‘होता’ असं झालं की मुद्रितशोधक गोंधळतो आणि अर्धवट सुधारून ठेवतो.

६. तारखा आठवत नाहीत. वर्ष कसं ठरवायचं?

कागदच वर्ष सांगतात. पत्रिकेवर कुडाळ, मालवण किंवा सावंतवाडीपुढे ‘जि. रत्नागिरी’ असेल तर ती बहुधा १ मे १९८१ च्या आधीची, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी झाला. ‘जि. कुलाबा’ असेल तर रायगड हे नाव पडण्याआधीची. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. लोक जुन्या सवयीने पुढेही काही वर्षं तसंच लिहीत, म्हणून एका कागदावर भिस्त ठेवू नका.

कागद नसेल तर मोठ्या घटना कामाला येतात. मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. गिरणगावातल्या भजनी आणि जाखडी मंडळांच्या आठवणी ‘संपाच्या आधी’ आणि ‘संपानंतर’ अशा सरळ दोन भागांत पडतात, कारण वर्गणी देणारा हातच थांबला. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सलग धावू लागली. त्याआधीचे दौरे एसटीने, टेम्पोने नाहीतर ट्रकने. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ ची, म्हणजे नेमकी जत्रांच्या हंगामाच्या तोंडावर. निसर्ग वादळ ३ जून २०२० चं.

जत्रेची तारीख तिथीवरून निघते. कार्तिकातल्या बहुतेक जत्रा आणि कुणकेश्वरची महाशिवरात्र जुन्या पंचांगात सापडते. आंगणेवाडीला हा उपाय चालत नाही. तिथली तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते, म्हणून त्या वर्षाचं वर्तमानपत्रच शोधावं लागतं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे. अशा जुन्या वाचनालयांत स्थानिक अंकांच्या फायली मिळण्याची शक्यता असते. तिथी सांगितलीत तर तिथले लोक आनंदाने मदत करतात.

७. जुन्या वह्या, फोटो आणि कॅसेटना बुरशी लागली आहे. वाचवता येतील का?

बरंच वाचतं, पण घाई केली तर उरलेलंही जातं.

वह्या उन्हात टाकू नका. शाई उडते आणि कागद कडक होतो. हवेशीर सावलीत पानं सुटी होईपर्यंत ठेवा आणि बुरशी मऊ कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, नाकाला कापड बांधून. चिकटलेली पानं ओढू नका. वाचता येतंय तोवर ३०० डीपीआयने स्कॅन करा, फोटो ६०० ने. काचेला चिकटलेला फोटो फ्रेममधून काढण्याआधी काचेसकटच त्याचा फोटो घ्या. काढताना तो फाटण्याचीच भीती जास्त.

कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून फितीची कड बघा. कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चालवली तर बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. ती वेगळी ठेवा आणि ध्वनिमुद्रणाचं काम जाणणाऱ्याकडे द्या. कॅसेट स्वच्छ असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली फीत सैल होते. आवाज अचानक दबका आला तर बहुतेक वेळा फितीमागची नमद्याची बारीक गादी गळून पडलेली असते. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर फीत दुसऱ्या कवचात बसवता येते. कवच चिकटवलेलं असेल तर ते काम सराव असलेल्या माणसाचंच. संगणकावर घेताना वेव्ह फाईल ठेवा, एमपी३ फक्त ऐकायला. कॅसेटचं कव्हर दोन्ही बाजूंनी स्कॅन करायला विसरू नका. त्याचं महत्त्व प्रश्न ११ मध्ये आहे.

जपायला हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि मृगाआधी त्या बदला. लोखंडी पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका.

याच कागदांचा आणखी एक उपयोग. राज्य शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंत मानधन योजनेच्या अर्जालाही कार्यक्रमपत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं असे पुरावे लागतात. स्कॅन एकदाच नीट करा, दोन्ही कामं होतील.

८. एका आयोजकाने आमचे पैसे बुडवले. त्याचं नाव छापू का?

छापण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. पुरावा आहे का? नाव न घालता घटना कळते का? आणि वाचकाला त्या माणसाचं नाव हवं आहे की ती पद्धत कळायला हवी आहे? बहुतेक वेळा पद्धतच महत्त्वाची असते: अर्धे आगाऊ, उरलेले ‘कार्यक्रमानंतर’, आणि कार्यक्रमानंतर खजिनदार सापडत नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. ‘खरं आहे ना, मग काय होणार?’ असं अनेकजण धरून चालतात. फौजदारी खटल्यात नुसतं खरं असणं पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पुरेसा बचाव आहे.

नाव बदललं म्हणून सुटका होत नाही. ‘अमुक गावचा, पांढऱ्या जीपवाला, पुढे सभापती झालेला’ असं वर्णन केलंत आणि गावाने ओळखलं, तर ते नाव घेतल्यासारखंच. नाव बदलायचं असेल तर गाव, हुद्दा आणि वर्ष यांतले दोन तरी तपशील काढा.

शब्द निवडतानाही घटना लिहा, शिक्का मारू नका. ‘ठरलेल्या १२,००० पैकी ५,००० मिळाले, उरलेले आजवर मिळाले नाहीत’ हे वहीने सिद्ध होतं. ‘तो चोर होता’ हे कशानेच होत नाही, आणि वाचकाच्या मनावर पहिलं वाक्यच जास्त ठसतं. मजकूर धारदार असेल तर छपाईआधी ती पानं वकिलाला दाखवा. सगळं पुस्तक दाखवण्याची गरज नसते.

९. तो मालक आता हयात नाही. आता तर लिहायला हरकत नाही ना?

दिवाणी दाव्याची भीती जवळजवळ संपते, फौजदारीची पूर्ण नाही. जिवंत असता तर बदनामी झाली असती असं काही मृताबद्दल लिहिलं आणि घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू दिसला, तर तेही कलमात बसतं. शिवाय आपल्याकडे मालकाचा मुलगा त्याच मंडळीचा आजचा मालक असतो आणि तुमचा पुतण्या तिथे काम करत असतो. कठोर भाग छापण्याआधी मुलाला वाचून दाखवा आणि त्याला वेगळं सांगायचं असेल तर ते तळटीपेत घ्या. पुस्तकाचं वजन वाढतं.

१०. गाण्याच्या ओळी छापता येतील का? ‘चार ओळी चालतात’ असं ऐकलंय.

कॉपीराइट कायद्यात चार ओळींची अशी सूट कुठेही नाही. समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी रास्त प्रमाणात, कवीचं नाव देऊन अवतरण घेता येतं. प्रकरणाच्या डोक्यावर शोभेसाठी घेतलेलं कडवं त्यात बसेलच असं नाही.

कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. १९६५ मध्ये वारलेल्या कवीचे हक्क २०२५ अखेरीस संपले. तुकोबा, नामदेव, सोहिरोबानाथ यांची मूळ रचना कुणाच्याही मालकीची नाही, पण एखाद्या संपादित गाथेतल्या टीपा आणि अर्थ संपादकाचे आहेत. डबलबारीतला गजर बुवाने स्वतः रचलेला असेल तर हक्क बुवाचा, नंतर त्याच्या वारसांचा. ‘अमुक सिनेमाच्या चालीवर गजर म्हणायचो’ असं नुसतं सांगायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पुस्तकासोबत जुनं ध्वनिमुद्रण द्यायचं असेल तर तो कंपनीचा वेगळा हक्क.

फोटोंचं थोडक्यात: मंडळाने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, मंडळाचा. वर्तमानपत्रात आलेल्या फोटोसाठी त्यांना विचारा.

११. कॅसेट कंपनीने एकरकमी पैसे दिले आणि ‘सर्व हक्क’ लिहून घेतले. आता तीच गाणी यूट्यूबवर आहेत. मला काही मिळेल का? आणि हे पुस्तकात कसं मांडू?

तुम्ही कॅसेटवर काय होतात, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

गीतकार किंवा संगीतकार असाल तर जून २०१२ मध्ये लागू झालेल्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने रॉयल्टीतला तुमचा वाटा काढून घेणारी अट निरर्थक ठरते. जुन्या करारांना ती कितपत लागू होते, यावर वाद होतात, म्हणून मूळ कागद हवा. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. ही तरतूद १९९५ मध्ये लागू झाली. गायक-वादकाच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली तीही त्याच वेळी. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या वसुलीसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, गायकांसाठी इसम्रा (आधीचं नाव इस्रा). सभासद झाल्याशिवाय आणि आपलं गाणं नोंदवल्याशिवाय पैसे येत नाहीत.

इथे सगळ्यात जास्त नुकसान करणारा शब्द म्हणजे कव्हरवर छापलेला ‘पारंपरिक’. कोळीगीतं, गजर, गवळणी आणि जाखडीच्या कितीतरी रचना तुमच्या-आमच्या ओळखीच्या माणसांनी रचल्या, पण कव्हरवर ‘पारंपरिक’ गेलं आणि रचणाऱ्याचा मागच पुसला गेला. तारीख असलेली वही, आकाशवाणीचं करारपत्र, त्या आधीच्या कार्यक्रमाची पत्रिका यांतलं काहीही असेल तर ते पुस्तकात छायाचित्रासह छापा.

आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाची पूर्ण नोंद द्या: स्टुडिओ कुठला, किती तास, पेटी, ढोलकी, ताशा, कोरस कोणाचे, कुणाला किती मिळाले. साथीदारांचं नाव कव्हरवर नसेल तर तुमचं पुस्तकच त्यांची एकमेव नोंद ठरेल.

१२. बायकांच्या भजनी मंडळातल्या आठवणींत वेगळं काय यावं?

जे पुरुषांच्या पुस्तकांत येतच नाही ते. रात्रीचा कार्यक्रम घ्यायचा की नाही हे कोण ठरवायचं, मुलं कोणाकडे ठेवून जायचात, कपडे बदलायला जागा मिळायची का, तीच सुपारी बुवांना किती आणि तुम्हाला किती, आणि मिळालेले पैसे कोणाच्या हातात राहायचे. हे लिहायला संकोच वाटतो असं अनेकजणी कळवतात. आधी फक्त बोलून ठेवा. छापायचं की नाही ते नंतर ठरवता येतं.

१३. गावातले मास्तर शब्दांकन करतायत. पुस्तक कोणाचं?

आठवणी तुमच्या, पण वाक्यं त्यांची, त्यामुळे हक्कावरून वाद होऊ शकतो. सुरुवातीलाच एका पानावर लिहून घ्या: मुखपृष्ठावर नावं कशी येतील, हक्क कोणाचा, रॉयल्टीची वाटणी काय, शेवटची संमती कोणाची, मूळ ध्वनिमुद्रण कोणाकडे राहील आणि काम अर्धवट सुटलं तर मजकुराचं काय. दोघांच्या सह्या, तारीख. मास्तर घरचे आहेत म्हणून हे टाळू नका, वाद बहुतेक वेळा मुलांच्या पिढीत होतो.

१४. जुन्या साथीदाराला तीच घटना वेगळी आठवते. कोणाचं खरं?

दोन्ही छापा. ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ आणि ‘अमुक यांचं म्हणणं असं’. पैशाबद्दल मतभेद असेल तर वही कोणाकडे होती हेही सांगा.

१५. आधी कोणती पुस्तकं वाचावीत?

गोविंदराव टेंबे यांचं ‘माझा जीवनविहार’ आणि गणपतराव बोडस यांचं ‘माझी भूमिका’ शेजारी ठेवून वाचा. १९१३ मध्ये बालगंधर्वांबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी करणारे हे दोन भागीदार. एकच कंपनी दोन बाजूंनी कशी दिसते ते कळतं, आणि प्रश्न १४ चं उत्तरही मिळतं. सुधीर फडके यांच्या ‘जगाच्या पाठीवर’ मध्ये उपासमारीचे दिवस आले आहेत, ते किती साध्या वाक्यांत आले आहेत याकडे लक्ष द्या.

१६. छापायला प्रकाशकाला पैसे द्यावे लागतात का? किती प्रती काढाव्यात?

प्रकाशक पैसे मागत असेल तर ते तुमच्या खर्चाचं पुस्तक आहे. मग प्रती, उरलेला साठा आणि हक्क तुमच्याकडेच राहिले पाहिजेत, हे करारात बघा. पुस्तक डेमी आकारात १६ पानांच्या फॉर्मात छापतात, म्हणून १६० किंवा १७६ पानं ठेवली तर कोरी पानं वाया जात नाहीत. आयएसबीएन क्रमांकाला शासन शुल्क घेत नाही. त्याचे पैसे कुणी मागितले तर ते त्याच्या कामाचे. छापल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या एशियाटिकसह आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवणं प्रकाशकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ती खरंच गेली का, ते विचारा.

पहिल्यांदा ३०० प्रती पुष्कळ. हजार प्रतींमध्ये दर पुस्तकाचा खर्च कमी दिसतो, पण कोकणातल्या घरात दोन पावसाळे काढलेले गठ्ठे विकण्यालायक राहत नाहीत. विक्रीची जागा म्हणजे तुमचाच प्रेक्षक: जत्रा, सामने, मुंबईतले मंडळांचे मेळावे. प्रकाशन गणपतीत ठेवू नका, तेव्हा तुम्ही आणि वाचणारा दोघेही कामात असता. दशावताराचा हंगाम सुरू होण्याआधीचा दिवाळीचा आठवडा बरा. अनुदान हवं असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक योजना बघा, तिथे हस्तलिखित छापण्याआधी द्यावं लागतं.

१७. वय झालंय. पुस्तक अपुरंच राहिलं तर?

वर सांगितलेलं फडके यांचं आत्मचरित्रही अपुरंच राहिलं आणि त्यांच्या मागे छापलं गेलं. म्हणून सोय आधी करा. प्रकरणं क्रमाने लिहिण्याचा हट्ट सोडून ज्या गोष्टी फक्त तुम्हालाच माहीत आहेत त्या आधी नोंदवा. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती ठेवा, एक गावी आणि एक मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकाकडे. प्रत्येक फाईलला तारीख आणि विषयाचं नाव द्या. लेखनाचा हक्क मालमत्तेसारखाच वारसांकडे जातो. मृत्युपत्रात त्यासाठी एका व्यक्तीचं नाव घाला, नाहीतर पाच वारसांच्या सह्या गोळा करताना पुस्तक अडून राहतं. प्रश्न ८ आणि ९ मधली जोखमीची पानं वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ती छापायची की नाही, याबद्दल तुमची इच्छा त्यावर सहीनिशी लिहा.